यीस्टला दोष देण्याआधी मापकाची चौकशी: १.०२५ वर थांबलेली बिअर

प्रश्न थोडक्यात असा: घरी केलेली २० लिटर पेल एल (फिकट रंगाची बिअर), सुरुवातीची ग्रॅव्हिटी (पाण्याच्या तुलनेत द्रवाची घनता; साखर जास्त तितकी ती वर) १.०५४, मॅश (माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, गरम पाण्यात मुरवणं) ६७ अंश सेल्सिअसवर तासभर, कोरड्या यीस्टचं ११.५ ग्रॅमचं एक पाकीट. पहिले तीन दिवस एअरलॉक (झाकणावरची वायू बाहेर सोडणारी पाण्याची नळी) जोरात चालला, पाचव्या दिवशी गप्प झाला. नवव्या दिवशी माप घेतलं तर १.०२५, अकराव्या दिवशी पुन्हा १.०२५. रेसिपीत शेवट १.०१२ लिहिलाय. आता आणखी एक पाकीट यीस्ट टाकू, की सरळ बाटल्या भरू?

आज दोन्ही करू नका. बाटल्या तर मुळीच नको. तुमचं माप खरं असेल तर त्या बिअरमध्ये अजून १३ पॉइंटांची (ग्रॅव्हिटीतला ०.००१ म्हणजे एक पॉइंट) साखर शिल्लक आहे. बाटलीत आंबलेला प्रत्येक पॉइंट साधारण अर्धा व्हॉल्यूम कार्बन डायऑक्साइड देतो, म्हणजे एक लिटर बिअरमागे अर्धा लिटर वायू. १३ पॉइंटांचे झाले साडेसहा व्हॉल्यूम, आणि फेसासाठी तुम्ही वरून जी साखर घालणार तिचे आणखी दोनेक. साध्या बाटलीला अडीच-तीन व्हॉल्यूमची सवय असते. थांबलेलं यीस्ट मेलेलं नसतं, पेंगत असतं. बाटलीत हलवाहलव झाली, थोडी ऊब मिळाली, की ते पुन्हा कामाला लागतं, आणि मग काच फुटते.

यीस्ट का टाकू नये, ते माझ्याच फजितीवरून सांगतो. सुरुवातीच्या दिवसांत माझी एक स्टाउट (काळी बिअर) १.०२४ वर ‘अडकली’. मी फर्मेंटरला, म्हणजे आंबवायच्या भांड्याला, रजई गुंडाळली, झाकण उघडून लांब चमच्याने ढवळलं, एक पाकीट यीस्ट टाकलं, चार दिवसांनी दुसरं टाकलं. आकडा तसूभर हलला नाही. तिसऱ्या आठवड्यात सामान धुताना हायड्रोमीटर (द्रवात तरंगून ग्रॅव्हिटी दाखवणारा काचेचा मापक) सहज साध्या पाण्यात सोडला आणि तो म्हणाला १.००६. पाण्याची ग्रॅव्हिटी १.००६! उकळत्या वॉर्टमध्ये (आंबण्याआधीच्या माल्टच्या गोड पाण्यात) मापक बुडवायची मला खोड होती. त्या उष्णतेने आतल्या कागदी पट्टीचा गोंद सुटला होता, आणि मापक नळीत उलटा ठेवायचो म्हणून पट्टी वर सरकली होती. म्हणजे बिअर होती १.०१८ वर, स्टाउटला शोभेल अशी, केव्हाच तयार. साप म्हणून मी भुई धोपटत होतो. त्या ढवळण्यात हवा मिसळली ती मिसळलीच. महिन्याभरात बिअरला ओल्या पुठ्ठ्याची चव आली.

गंमत म्हणजे सुरुवातीचं मापही तेवढंच चुकलं होतं, त्यामुळे दोन आकड्यांतला फरक बरोबर होता आणि मद्यांश अचूक निघत होता. वजाबाकीत चूक लपते. शेवटच्या आकड्यात ती उघडी पडते, आणि आपण तिला अडकलेलं किण्वन म्हणतो.

तर पहिला प्रश्न तुम्हालाच: माप कशावर घेतलंत? तुम्ही ते लिहिलेलं नाही, आणि माझ्या उत्तराचा अर्धा भाग त्यावर टांगलेला आहे.

रिफ्रॅक्टोमीटरवर घेतलं असेल तर बहुधा तुमची बिअर अडकलेलीच नाही. हे उपकरण द्रवातून जाणारा प्रकाश किती वळतो ते बघतं आणि ती सगळी करामत साखरेची आहे असं गृहीत धरून ब्रिक्स, म्हणजे शंभर ग्रॅममागे साखर किती ग्रॅम, ते सांगतं. वॉर्टमध्ये ते ठीक. आंबायला लागल्यावर द्रवात अल्कोहोल येतं, आणि अल्कोहोलही प्रकाश पाण्यापेक्षा जास्त वळवतं. मग साखर संपत आली तरी आकडा वरच लटकत राहतो. तुमचेच आकडे घ्या. १.०५४ म्हणजे साधारण १३.३ ब्रिक्स. आज काचेत ६.४ ब्रिक्स दिसत असतील, तर शेजारच्या पट्टीवर ते १.०२५ वाचलं जातं. पण सुरुवातीचे १३.३ आणि आजचे ६.४ हे दोन्ही अल्कोहोलची दुरुस्ती करणाऱ्या गणकयंत्रात घातले, तर उत्तर येतं १.०१२ च्या आसपास. म्हणजे रेसिपीतला नेमका आकडा. इतका तंतोतंत मेळ बसतोय की मला तरी हाच संशय सगळ्यात दाट वाटतो. अशी दुरुस्ती अंदाजाची असते, दोन-तीन पॉइंट इकडे-तिकडे होऊ शकतात. म्हणून रिफ्रॅक्टोमीटर वॉर्टच्या दिवशी वापरावा आणि शेवटचा शब्द हायड्रोमीटरचा घ्यावा. उपकरणावर छापलेली ग्रॅव्हिटीची पट्टी आंबलेल्या बिअरसाठी नाही, हे विकताना कुणी सांगत नाही.

हायड्रोमीटरवर घेतलं असेल तर माप पुन्हा घ्या, आणि या वेळी घाई करू नका. नमुना दोन ग्लासांत आठ-दहा वेळा ओता, वरून, फेस होईल असा. फेस बसू द्या. ताज्या बिअरमध्ये विरघळलेला वायू मापकाच्या अंगाला बारीक बुडबुड्यांनी चिकटतो आणि त्याला वर उचलतो. दोन-चार पॉइंट फुकटचे वाढतात. मग नमुना उंच नळीत भरा, मापक हलकेच सोडा आणि दांडीला चिमटीत धरून गर्रकन फिरवा. तो फिरत असताना बुडबुडे सुटतात. थांबला की बघा, काचेला टेकलाय का. टेकला असेल तर ते वाचन बाद. खाली वाका, डोळा पृष्ठभागाच्या रेषेत आणा. द्रव दांडीपाशी किंचित वर चढलेला दिसेल. तो चढ सोडून द्या आणि मधल्या सपाट पातळीचा आकडा वाचा. मोजलेला नमुना परत फर्मेंटरमध्ये ओतू नका, पिऊन टाका. ती वायफळ उधळपट्टी नाही. १.०२५ ची बिअर जिभेला कच्च्या वॉर्टसारखी गोड लागते, १.०१२ ची लागत नाही. आकडा एक सांगतोय आणि जीभ दुसरं, असं झालं तर मी जिभेच्या बाजूने उभा राहतो.

नंतर तोच मापक २० अंशांच्या शुद्ध पाण्यात सोडा. बहुतेक मापक २० अंशांवर जुळवलेले असतात, काही १५.६ वर, दांडीवरच लिहिलेलं असतं. तिथे १.००० यायला हवं. त्यावर न थांबता १०० ग्रॅम साखर ९०० ग्रॅम पाण्यात विरघळवा, दोन्ही वजनावर मोजून. हे द्रावण १.०४० दाखवतं. दोन्ही ठिकाणी सारखीच चूक असेल तर ती लिहून ठेवा आणि दर वेळी वजा करा. चूक वेगवेगळी आली तर मापक बदला.

तापमानाचा हिशोब सोपा आहे, पण उलटा लावला जातो. गरम द्रव विरळ असतो, मापक त्यात जास्त बुडतो, आकडा खऱ्यापेक्षा कमी दिसतो. २० अंशांचा मापक ३० अंशांच्या नमुन्यात अडीचेक पॉइंट कमी दाखवतो, ३५ ला चार. ६० अंशांच्या वॉर्टमध्ये ही तूट १५ पॉइंटांच्या घरात जाते, आणि तिथे दुरुस्तीच्या कोष्टकावर माझा विश्वास नाही. नमुना थंड करून मोजावा, बस.

सुरुवातीचा आकडाही एकदा तपासा. तुम्ही धान्यापासून बनवता म्हणून धोका कमी, पण माल्ट एक्स्ट्रॅक्ट (माल्टचा तयार अर्क) उकळून वरून थंड पाणी घालणाऱ्यांचं निम्मं दुखणं इथेच असतं. जड वॉर्ट तळाशी, पाणी वर. नमुना जिथून घ्याल तिथला आकडा खरा मानता. एक्स्ट्रॅक्टच्या बाबतीत मापापेक्षा गणित भरवशाचं. एक किलो कोरडा एक्स्ट्रॅक्ट एका लिटरच्या हिशोबाने साधारण ३६५ पॉइंट देतो. तीन किलो २० लिटरमध्ये म्हणजे सुमारे ५५ पॉइंट, १.०५५. वजन आणि पाणी बरोबर असेल तर मापक काहीही म्हणो.

एअरलॉकबद्दल फार लिहीत नाही. झाकणाची कड जरा गळत असली तरी तो गप्प बसतो. खोली तापली तर आंबवण संपल्यावरही विरघळलेला वायू सुटून बुडबुडतो. पाचव्या दिवशी तो थांबला यातून मला काहीच कळत नाही.

समजा मापक निर्दोष आहे आणि आकडा खरंच १.०२५ आहे. १.०५४ वरून १.०२५ म्हणजे ५४ पैकी २९ पॉइंट गेले, ५४ टक्के. अपेक्षा होती ७८ टक्क्यांची. हे टक्के वरवरचे असतात, कारण अल्कोहोल पाण्यापेक्षा हलकं असल्याने मापकाला साखर जास्त गेल्यासारखी वाटते. पण सगळीकडे हेच वापरतात, तुलनेला पुरेसे आहेत. आता दोन शक्यता उरतात: यीस्ट थकलंय, किंवा त्याच्या जोगतं खाणं संपलंय. दुसऱ्या शक्यतेत कितीही यीस्ट ओता, काही घडत नाही. म्हणून औषध ठरवण्याआधी यातलं कुठलं ते ओळखायचं, आणि त्याला एकच खात्रीची परीक्षा आहे.

फर्मेंटरमधून ३०० मिली बिअर निर्जंतुक बाटलीत काढा. त्यात अर्धा चमचा ताजं यीस्ट टाका. तोंडावर फॉइल ठेवा, घट्ट झाकण नको. बाटली २५ ते २७ अंशांत ठेवा आणि येता-जाता हलवत राहा. हवा लागली तर लागू दे, ही बिअर पिण्यासाठी नाही. दोन-तीन दिवसांनी वायू काढून मोजा. आकडा १.०१२ ला उतरला तर साखर आहे, फर्मेंटरमधलं यीस्ट कामचुकार. १.०२४ वरच राहिला तर तुमची बिअर संपलेली आहे, तुम्हाला आवडो वा न आवडो. मी ही परीक्षा आता दर मोठ्या (सुरुवातीची ग्रॅव्हिटी जास्त असलेल्या) बिअरला वॉर्टच्या दिवशीच लावतो: बाटलीभर वॉर्ट बाजूला काढायचा, भरपूर यीस्ट घालून उबेत आंबवायचा. मुख्य फर्मेंटर निम्म्यावर असतानाच शेवटचा आकडा हातात असतो. मग रेसिपी काय म्हणते याला महत्त्व उरत नाही.

खाणंच नव्हतं असं निघालं तर संशय मॅशच्या थर्मामीटरवर घ्या. बीटा अमायलेज हे माल्टमधलं एन्झाइम साखर बनवतं ते ६० ते ६५ अंशांच्या आसपास. ७० च्या वर ते पटकन निकामी होतं. अल्फा अमायलेज तिथे तग धरतं, पण स्टार्चचे मोठाले तुकडे करून सोडतं, आणि ते डेक्स्ट्रिन साध्या यीस्टला पचत नाहीत. तुमचा थर्मामीटर ६७ म्हणत होता. तो चार अंश खोटं बोलत असेल तर मॅश ७१ वर झाला. वितळत्या बर्फात तो शून्य दाखवतो का बघा, मग ६५-७० च्या पाण्यात दुसऱ्या भरवशाच्या थर्मामीटरशेजारी धरा. शून्याला बरोबर आणि वर चुकणारे बरेच असतात. मॅशच्या भांड्यात एका कोपऱ्यात ७२ आणि दुसऱ्यात ६४ हेही नेहमीचं, तेव्हा ढवळून मोजलं होतं का ते आठवा. त्याखेरीज क्रिस्टल माल्ट (न पचणारी साखर जास्त सोडणारं भाजलेलं माल्ट) किती होतं? लॅक्टोज (दुधातली साखर), माल्टोडेक्स्ट्रिन? लॅक्टोज बिअरचं यीस्ट खातच नाही, घातलं तेवढं शेवटच्या आकड्यात जसंच्या तसं दिसतं.

यीस्टची जातही बघा. वॉर्टमध्ये सगळ्यात जास्त माल्टोज ही साखर असते, तिच्या मागोमाग माल्टोट्रायोज. काही इंग्लिश जाती ही दुसरी साखर खात नाहीत. विंडसर हे कोरडं यीस्ट त्यांतलं माहितीतलं उदाहरण, त्यावर १.०१८-१.०२० ला थांबणारी बिअर आजारी नसते, तिचा स्वभावच तो. मॅश आणि यीस्ट दोन्ही एकत्र आले तर १.०२५ चं कोडंही सुटतं. एकट्या मॅशवर तेवढं ढकलायला मी कचरेन.

आणि परीक्षेत आकडा उतरला, म्हणजे यीस्टच बसलंय, तर नव्वद टक्के वेळा मी आधी थंडीकडे बघतो. आंबवण स्वतः उष्णता तयार करते. पहिल्या तीन दिवसांत फर्मेंटरच्या आतलं तापमान खोलीपेक्षा तीन-चार अंश वर असतं. जोर ओसरला की ती भट्टी विझते, आणि नेमकी तेव्हाच रात्र गार असेल तर यीस्टला वाटतं हंगाम संपला. गुठळ्या करून तळाशी बसणाऱ्या जाती तर निमित्तच शोधत असतात. सगळ्या एलला हे औषध सारखंच लागू पडतं असंही नाही: सेझों या बेल्जियन बिअरचं एक प्रसिद्ध यीस्ट १.०३५ च्या आसपास आठवडाभर रुसून बसतं आणि ३० अंशांच्या पुढे ऊब मिळाली तरच उठतं. तुमच्या पेल एलला २१-२२ पुरे.

तर पहिला उपाय फुकटचा: झाकण न उघडता फर्मेंटर उबदार जागी न्या, दिवसाभरात हळूहळू २१-२२ अंशांवर आणा, आणि दोन्ही हातांनी धरून गोल गोल झुलवा, तळचा गाळ वर उठेपर्यंत. खळबळवू नका. दिवसातून दोनदा, तीन दिवस. मग मोजा.

हवा आत घालायचा मोह या टप्प्यावर आवरा. यीस्टला ऑक्सिजन लागतो तो सुरुवातीला, पेशीचं आवरण लवचीक ठेवणारी स्टेरॉलं बनवायला. तेव्हा आठ-दहा पीपीएम (दहा लाख भागांत आठ-दहा भाग) मिळाला नाही, तर पोरं-नातवंडं कुपोषित निघतात आणि अल्कोहोल वाढल्यावर दम टाकतात. पण आज दिलेला ऑक्सिजन बिअरला शिळं करतो. ती चूक पुढच्या खेपेला वॉर्ट थंड झाल्यावर जोरात हलवून सुधारा.

उबेने काम झालं नाही तरच नवं यीस्ट, आणि तेही पाकीट फाडून वर भुरभुरायचं नाही. कोरडी पेशी पाणी शोषताना अगदी हळवी असते. ती अल्कोहोल असलेल्या, ऑक्सिजन नसलेल्या, सोपी साखर संपलेल्या द्रवात पडली तर बऱ्याच पेशी तिथेच गारद होतात. १०० ग्रॅम कोरडा एक्स्ट्रॅक्ट घालून लिटरभर वॉर्ट उकळा, थंड करा, त्यात चांगलं खाणारं, चवीला तटस्थ यीस्ट पेरा. फेस वर चढला की अडकलेल्या बिअरमधले एक-दोन पेले त्यात मिसळा, तासाभराने पुन्हा तेवढेच. अशी सवय लावून, यीस्ट ऐन जोरात असताना, सगळं फर्मेंटरमध्ये हलकेच ओता. शांत झालेला, तळाशी बसलेला स्टार्टर (असं वेगळं वाढवलेलं यीस्ट) ओतून उपयोग नाही. यीस्टचं पोषक टाकायचं का, असं हमखास विचारतात: माल्टच्या वॉर्टमध्ये नायट्रोजन पुरेसा असतो, साधी साखर खूप घातली असेल तरच गरज पडते.

ग्लुकोअमायलेज एन्झाइमचं नाव तुम्हाला कुणीतरी सुचवेलच. ते डेक्स्ट्रिन तोडून साखर करतं, आकडा नक्की उतरतो, पण १.०१२ वर थांबवायची सोय त्यात नाही. बिअर बरीच तापवल्याशिवाय ते निकामी होत नाही आणि घरी तेवढी तापवली तर बिअरचं नुकसानच. हळूहळू १.००० पर्यंत, कधी त्याच्याही खाली जातं. अंगात काही न उरलेली, पाणचट बिअर हाती येते. खाणं संपलेल्या १.०२५ च्या बिअरला असं एन्झाइम घालण्याऐवजी मी जास्त हॉप्स (कडवटपणा देणारी फुलं) घातलेल्या दुसऱ्या, कोरड्या, म्हणजे कमी गोड, बिअरमध्ये मिसळेन, किंवा गोड आहे तशी पिऊन टाकेन. उलट प्रकार दिसला, म्हणजे आकडा आठवड्यांमागून आठवडे एकेक पॉइंट उतरतच राहिला, तर डायस्टॅटिकस जातीच्या यीस्टचा शिरकाव झालाय असं समजा. ते हेच एन्झाइम स्वतः बनवतं.

बाटल्या भरायच्या तेव्हा तीन दिवसांच्या अंतराने, २० अंशांच्या वर, वायू काढलेली दोन वाचनं सारखी हवीत, आणि शिवाय ती परीक्षेच्या बाटलीतल्या आकड्याच्या एक-दोन पॉइंटांत हवीत. तुमची आतापर्यंतची दोन वाचनं सारखी आहेत, पण दोनच दिवसांच्या अंतराने, आणि दुसरी अट तर तपासलेलीच नाही. अडकलेली बिअरही दोन काय, दहा वाचनं सारखीच देते.

आणि हा प्रश्न विचारण्याआधी काही बाटल्या भरून झाल्या असतील, जे लोक उत्तराच्या शेवटी हळूच सांगतात, तर त्या आत्ताच फ्रिजमध्ये टाका, उभ्या. जाड हातमोजे, डोळ्यांवर चष्मा, बाटलीवर जाड टॉवेल. पूर्ण थंड झाल्या की एकेक झाकण किंचित सैल करून वायू सोडा आणि सगळी बिअर हळुवार फर्मेंटरमध्ये परत ओता. थोडी शिळावेल. चालेल.